उतरलेला मॅश्ड पोटॅटो आणि बाधणारा मॅश्ड पोटॅटो

उरलेला मॅश्ड पोटॅटो खायचा की टाकायचा हे ठरवताना आपण झाकण काढतो आणि वास घेतो. आंबूस आला तर टाकतो, नाही आला तर गरम करून खातो. यातलं टाकणं बरोबरच आहे. घोळ आहे तो खाण्यात. अन्न उतरलंय हे नाकाला कळतं. ते बाधेल की नाही हे नाकाला कळत नाही. या दोन्हींमागचे जिवाणू बहुतेक वेळा निरनिराळे असतात आणि त्यांच्या सवयीही.

उतरण्याचं काम करणारे जिवाणू लपून राहत नाहीत. स्युडोमोनाससारखे काही तर फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतात. दूध-लोणी घातलेल्या मॅशमध्ये आम्ल तयार करणारे जिवाणूही हात धुऊन घेतात. मग आंबट वास येतो, वरचा थर बुळबुळीत होतो, चव बिघडते. असा मॅश खाववतच नाही, त्यामुळे तो बाधण्याआधी बहुधा कचऱ्यात जातो.

बाधणारा मॅश दिसायला अगदी ताजा असू शकतो. बटाटा मातीतला, आणि मातीत बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतोच. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची सुप्त रूपं, बटाटे उकडल्यावरही जिवंत राहतात. उकडल्याने बाकीचे जिवाणू मरतात, म्हणजे यांना रान मोकळंच मिळतं. मॅश 60 अंश सेल्सिअसच्या खाली आला की 5 अंशांपर्यंतचा सगळा पट्टा धोक्याचा. तिथे बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि त्यांतले काही प्रकार सेरियुलाइड नावाचं विष सोडतात. हे विष 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी नष्ट होत नाही. तिथे मायक्रोवेव्हची काय कथा! खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हाताळताना त्वचेवरून किंवा नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विषही असंच, उकळीला दाद न देणारं.

म्हणून ‘नीट उकळून घेतलं की झालं’ हा भरवसा अर्धाच खरा आहे. तापवल्याने जिवंत जिवाणू मरतात. त्यांनी आधीच सोडून ठेवलेलं विष मात्र तसंच राहू शकतं.

आता दोन भांडी समोर ठेवा. एकातला मॅश रात्रभर ओट्यावर राहिला, पण वास छान. दुसऱ्यातला सहा दिवस फ्रिजमध्ये होता आणि जरा आंबूस झालाय. टाकायचे दोन्ही. पण जास्त धोक्याचा कोणता, असं विचारलं तर मी ओट्यावरच्याकडे बोट दाखवेन, आणि नेमका तोच लोक चवीने खातात.

मॅशच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं, कारण तो घट्ट असतो. भातासारखी त्यात हवा खेळत नाही. खोल पातेल्यात वरून गार लागला तरी मधला गोळा तासन्‌तास कोमट राहतो. तेव्हा दोन तासांच्या आत तो उथळ डब्यात, फार तर दोन इंच जाडीचा थर पसरून, फ्रिजमध्ये ठेवावा. पूर्ण गार व्हायची वाट पाहायची गरज नाही. पातळ थर थोडा कोमट असला तरी चालतो. फ्रिज 4-5 अंशांवर हवा. तिथे तीन-चार दिवस, त्यापुढे नाही. सेरियस त्या थंडीत बहुतांशी थबकतो, पण लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो आणि वास देत नाही. गर्भवती स्त्रिया आणि वृद्धांसाठी तो जास्त घातक, त्यामुळे त्यांच्या ताटात एक-दोन दिवसांतलाच मॅश वाढावा.

फॉइलमध्ये भाजून उरलेले बटाटे नंतर कुस्करणार असाल तर आणखी एक सांगायला हवं. फॉइलच्या आत हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमच्या, म्हणजे अन्नातल्या विषामुळे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जिवाणूला तेच हवं असतं. 1994 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो इथे असे बाहेर राहिलेले बटाटे वापरून केलेल्या डिपमुळे 30 जण आजारी पडले. भाजून झाले की फॉइल काढायची, मगच बटाटे फ्रिजमध्ये.

उलट्या बाजूनेही फसगत होते. मॅश करडा पडला, कडेला पाणी सुटलं, रवाळ लागला, की लोक तो खराब समजून टाकतात. करडेपणा बटाट्यातल्या लोहामुळे आणि क्लोरोजेनिक आम्लामुळे येतो. पाणी सुटणं आणि रवाळपणा ही गारव्यात घट्ट होणाऱ्या स्टार्चची करामत. वेळेत फ्रिजमध्ये गेला असेल तर यातलं काहीच बाधत नाही.

तापवताना फक्त लागेल तेवढाच भाग काढा. थोडं गरम दूध घालून मंद आचेवर हलवत राहा, पण घोटू नका, चिकट होतो. मधोमध 74 अंश यायला हवेत. थर्मामीटर नसेल तर सगळीकडून कडकडीत वाफ निघेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये कडा रटरटतात आणि मधला भाग गारच राहतो, म्हणून मध्येच काढून ढवळा, पुन्हा लावा आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवा. तापवून उरलेला मॅश परत फ्रिजमध्ये ढकलू नका. जास्त दिवस ठेवायचा असेल तर पहिल्याच दिवशी छोटे वाटे करून फ्रीझरमध्ये टाका. लोणी-साय सढळ हाताने घातलेला मॅश तिथे चांगला टिकतो. नुसत्या पाण्यातला मात्र वितळल्यावर पाणचट होतो. वितळवायचा तोही फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही.