माफ केलंय, पण जामीन राहणार नाही: क्षमा वेगळी, समेट वेगळा

आमच्या वडगाव शेरीच्या घरात टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे, लाइट बिलांच्या गठ्ठ्याखाली पप्पांची एक काळी डायरी आहे. त्यात पप्पांच्या अक्षरात एक ओळ आहे, "भाऊ – साडेतीन लाख", आणि त्या ओळीवर आईने बॉलपेनने मारलेली एक आडवी रेघ. ही रेघ तिने एका गुड फ्रायडेला मारली, बारा ते तीनची उपासना संपवून घरी आल्यावर, साडीसुद्धा न बदलता. काकांनी फ्लॅटच्या बुकिंगला पैसे घेतले होते आणि पप्पा गेल्यावर म्हणाले कसले पैसे, भावाभावात कुठे हिशेब असतो का. लेखी पुरावा काय तर ही एक ओळ, तीही पप्पांनीच लिहिलेली.

तर रेघ मारून झाली, वर्षभराने चुलतभावाच्या गाडीच्या लोनला जामीनदार हवा होता. काकांनी स्वतः फोन नाही केला, आत्याला पुढे केलं. आई म्हणाली, नाही जमणार. आत्या जाम तापली, "वहिनी तुम्हीच म्हणाला होता ना माफ केलं म्हणून, मग ही कसली माफी?" आई डाळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "माफ केलंय. जामीन राहणार नाही."

मला तेव्हा आत्याचंच पटलं होतं, खरं सांगतो. संडे स्कूलपासून डोक्यात हेच बसलेलं की क्षमा केली म्हणजे सगळं पहिल्यासारखं. आईला नेमकं काय म्हणायचं होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि आता मंडळीत म्हणजे चर्चमधे, नात्यात, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळीकडे हाच घोळ दिसतो. आपण "माफ करून टाक" आणि "मिटवून टाक" एका दमात बोलतो ना, तिथेच सगळी गडबड आहे.

क्षमा म्हणजे काय ते खरं तर आपण प्रत्येक उपासनेत तोंडाने म्हणतोच. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हास सोड." ऋण सोडणं. समोरच्याकडे माझं काहीतरी निघतंय, पैसा असेल, मान असेल, गेलेली वर्षं असतील, आणि ते वसूल करायचा हक्क मी सोडतोय. हे करायला समोरचा हजर लागत नाही, कबूल असावा लागत नाही, जिवंतसुद्धा असावा लागत नाही. आई, बॉलपेन आणि डायरी, बस. काकांना आजपर्यंत माहीत नाही की अशी रेघ आहे.

समेट मात्र एकट्याने होत नाही. तुटलेलं नातं परत जुळायचं तर दोन्ही टोकं हलावी लागतात, ज्याने घाव घातला त्याने घाव घातला हे म्हणावं लागतं, आणि विश्वास परत उभा राहायला वेळ जातो. प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या ५व्या अध्यायात हाच शब्द वापरलाय, देवाने ख्रिस्ताद्वारे आमच्याबरोबर समेट केला, आम्हाला समेटाची सेवा दिली, आणि लगेच पुढे विनवणी, देवाबरोबर समेट करा. म्हणजे बघा, देवाने त्याच्या बाजूने सगळं करून टाकलं तरी पौलाला हात जोडून माणसांना या या म्हणावं लागतंय, कारण दुसरी बाजू आली नाही तर समेट अर्धाच. देवाचा अर्धा राहू शकतो तर माझ्या आईचा राहिला तर एवढा गहजब कशाला.

आता सत्तर वेळा साताचा विषय, कारण सगळे तोच फेकून मारतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि येशू म्हणतो सत्तर वेळा सात. पण त्याच अध्यायात त्याच्या बरोब्बर आधी काय आहे ते कोणी वाचत नाही! तिथे लिहिलंय की भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्यात जाऊन त्याला त्याची चूक दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर ने, तरी नाही तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही नाही ऐकलं तर तो तुला परक्यासारखा होवो. म्हणजे क्षमेला मर्यादा नाही पण जवळीकीला पायऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच पानावर.

त्यापुढचा निर्दय चाकराचा दाखला तर आकड्यांसकट वाचण्यासारखा आहे. राजाने चाकराला माफ केलेलं कर्ज १०,००० तालांत, आणि त्याच चाकराने बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरला तो १०० दिनारांच्या कर्जासाठी. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एक तालांत साधारण ६००० दिनारांचा, म्हणजे तिकडे ६ कोटी रोज आणि इकडे १००. उपदेशात नेहमी पहिल्या आकड्यावर जोर असतो. मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. शंभर दिवसांचा रोज ही चिल्लर नाही हो, आज रोजाचे ८०० धरले तर ऐंशी हजार झाले. येशूने तुझं नुकसान दोन आण्याचं आहे असं म्हटलंच नाही, खरं नुकसान आहे आणि तरी सोड म्हणाला. जो माणूस "जाऊ दे, एवढं काय झालं" म्हणून माफ करायला लावतो तो दाखल्यातल्या राजापेक्षा शहाणा निघाला म्हणायचा.

हा घोळ चहाच्या कपातला असता तर मी लिहिलंच नसतं. पण आमच्या ओळखीतल्या एका ताईंना नवरा पिऊन मारायचा, त्या माहेरी आल्या की चार वडीलधारे जमायचे, प्रार्थना व्हायची, सत्तर वेळा सात व्हायचं आणि रात्री रिक्षात बसवून परत पाठवायचे. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी हात मोडूनच आल्या. त्या ताईंनी नवऱ्याला केव्हाच माफ केलं होतं असं त्या आजही सांगतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण माफीच्या नावाखाली त्यांच्याकडून घेतला जात होता तो समेट, तोही अशा माणसाबरोबर ज्याने एकदाही चुकलो म्हटलं नव्हतं. याला मी पाप म्हणतो, आणि ते ताईंचं नाही.

वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर हे मत्तय ५ मधलं वचनही असंच उलटं वापरतात. नीट वाचा, तिथे लिहिलंय तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर. म्हणजे उठून जायचंय ते ज्याने दुखावलं त्याने! आपण मात्र दुखावलेल्यालाच दरवेळी उठवतो.

बायबलमधल्या योसेफाची गोष्ट क्षमा आणि समेट या दोन शब्दांसाठी सगळ्यात भारी. सतराव्या वर्षी भावांनी चांदीच्या २० नाण्यांना विकला. पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमधे, मोठा अधिकारी झाला, लग्न झालं, पहिला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं मनश्शे, कारण म्हणाला देवाने मला माझ्या कष्टांचा आणि बापाच्या घराचा विसर पाडला. हे उत्पत्ति ४१ मधे, सुकाळाच्या वर्षांत, भाऊ अजून यायचेत. मला हीच त्याची डायरीवरची रेघ वाटते. मग दुष्काळ पडतो, भाऊ धान्याला येतात, पाया पडतात, आणि हा काय करतो? मिठी नाही मारत. ओळखच देत नाही. दुभाष्या मधे ठेवून बोलतो, त्यांच्यातल्या शिमोनाला अडकवून ठेवतो, सगळ्यात धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून चोरीचा आळ आणतो. लहानपणी मला वाटायचं हा सूड घेतोय. पण तो बघतोय, की हे तेच लोक आहेत का जे धाकट्या भावाला खड्ड्यात टाकून जेवायला बसतात. आणि जेव्हा यहूदा, हाच यहूदा ज्याने विकायची आयडिया काढली होती, पुढे येऊन म्हणतो पोराला सोडा, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा, तेव्हा योसेफाचा बांध फुटतो आणि मोठ्याने रडतो. समेट तिथे झाला. आणि गंमत म्हणजे १७ वर्षांनी बाप वारल्यावर भाऊ परत घाबरतातच, की आता हा धरणार आपल्याला.

आता न्यायाचं काय. माफ केलं तर केस मागे घ्यायची का, हा प्रश्न मला तरुण संघातली पोरं हमखास विचारतात. कुष्ठरोग्यांत काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी, १९९९च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स बाईंनी माफ केलं असं जाहीर सांगितलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. कोर्ट आपलं काम करत राहिलं, मुख्य आरोपी दारा सिंगला जन्मठेप झाली. बाईंनी स्वतःचं ऋण सोडलं, सरकारचं आणि समाजाचं ऋण सोडायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हताच.

याच्या शेजारी राणी मारिया या कॅथलिक सिस्टरचं प्रकरण ठेवा. १९९५ मधे इंदूरकडे जाणाऱ्या बसमधे समंदर सिंगने त्यांना भोसकलं, बाहेर ओढून मारलं. त्यांची सख्खी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच, २००२ मधे जेलमधे गेल्या आणि त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, २००६ मधे तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी गेला. इथे क्षमा आहेच, पण समेटही आहे, कारण समंदर सिंग स्वतः बदलला, रडला, आला. पहिल्या घटनेत क्षमा कमी पडली असं कोणी म्हणू नये.

एक तिसरा शब्द मधेच घुसतो, तडजोड. पुणेकरांना ती पंचहौदच्या चहावरून माहीत असायला हवी. १८९० मधे पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधे चहा घेतला म्हणून रानडे, टिळक वगैरे मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायची कारवाई झाली, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं ते चहा पाप वाटला म्हणून नाही, तर आप्तमित्रांची अडचण होत होती म्हणून. कोणाला पश्चात्ताप झाला नव्हता, पण लग्नकार्यं मार्गी लागली. वाईट नाही हे. आपल्या ९० टक्के घरगुती भांडणांत जे "मिटतं" ते याच प्रकारचं असतं, फक्त त्याला समेट म्हणू नका.

बरं, सगळं एवढं स्वच्छ नाहीये हेही सांगतो. लूक १७ मधे येशू म्हणतो भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. यावरून बरेच चांगले विश्वासणारे म्हणतात की पश्चात्तापाशिवाय क्षमाच पूर्ण होत नाही, तोवर फक्त मन तयार ठेवायचं. आमच्या बायबल स्टडीत यावर दोन रविवार वाद झाला, एकजण तर चहा न पिता निघून गेला. मला स्वतःला वधस्तंभावरचं "हे बापा, त्यांना क्षमा कर" जड वाटतं, कारण तिथे खाली उभे असलेले कोणी पश्चात्ताप करत नव्हते, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. पण लूक १७ सोडूनही देता येत नाही. रोमकरांस १२:१८ मधे पौल "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके" असं म्हणून शांतीने राहायला सांगतो, त्या "शक्य असेल तर"वर मी बरेचदा अडून बसतो.

काकांचं सांगायचं राहिलं. गेल्या डिसेंबरमधे, नाताळच्या करंज्या चालू होत्या, ते अचानक आले, एकटेच, बायपास झाल्यापासून बारीक झालेत. चप्पल बाहेर काढून बराच वेळ दारातच उभे. मग खुर्चीच्या कडेवर बसले आणि खिशातून एक पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं, म्हणाले, "वहिनी, दादाचे आहेत. मी खोटं बोललो होतो." पाच हजार होते. मला वाटलं आई म्हणणार राहू दे, रेघ तर मारून झालीये. तिने पाकीट घेतलं, मोजलं नाही, चहा टाकला.

ते गेल्यावर तिने डायरी काढली, त्या खोडलेल्या ओळीखाली तारीख टाकून ५००० लिहिलं. मी म्हटलं अगं हिशेब तर तू बंद केला होतास. म्हणाली, "मी केला होता. तो आत्ता सुरू करतोय, तर करू दे."

दर महिन्याला येतो म्हणालेत, तीनदा आलेही. जामीन अजून कोणी मागितलेला नाही. आणि आई त्यांना अजूनही रोजच्या स्टीलच्या कपातच चहा देते, पाहुण्यांच्या कपबश्या काही कपाटातून निघत नाहीत.