आरोग्य विमा नोकरीला कसा बांधला गेला

नोकरी गेली की पगार थांबतो. पण आजारपणाचा खर्च उचलणारा विमाही त्यासोबत का जावा? अमेरिकेत आजही हे घडतं आणि त्यामागे कोणाची ठरवून आखलेली योजना नव्हती.

कामगारांच्या आजारपणासाठी देशभर सक्तीचा विमा आधी आणला तो जर्मनीने, चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली. वर्गणीचा दोन तृतीयांश वाटा कामगार भरत, एक तृतीयांश मालक. विमा कामाशी जोडलेला असला तरी मालकाच्या मर्जीवर नव्हता. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला, त्याच्या बायकामुलांना मात्र नाही. १९४८ मध्ये तिथे सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि उपचारासाठी नोकरीची अट उरली नाही.

अमेरिकेची वाट दुसऱ्या महायुद्धाने वळवली. महागाई रोखण्यासाठी १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. माणसं तर मिळत नव्हती. विम्यासारख्या सवलती त्या बंधनातून वगळल्या होत्या, म्हणून कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. युद्ध संपलं, बंधनं उठली, विमा राहिला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून स्पष्टपणे वगळला. मग स्वतः विमा घेणं महाग आणि कंपनीकडून घेणं स्वस्त ठरलं. माझ्या मते खरी गाठ इथे पक्की झाली. युद्धकाळातली तडजोड एरवी विरूनही गेली असती.

या गाठीचा जाच आजारी माणसाला सर्वांत जास्त झाला. नोकरी सोडली तर नवा विमा जुना आजार नाकारेल, या भीतीने लोक नको असलेल्या नोकरीतही अडकून राहिले. १९८५ च्या कोब्रा कायद्याने नोकरी गेल्यावरही साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवायची मुभा दिली, पण पूर्ण हप्ता, वर २ टक्के खर्च, स्वतःच्या खिशातून. उत्पन्न थांबलेल्या माणसाने तो भरायचा कुठून?

२०१० च्या ‘ओबामाकेअर’ कायद्यामुळे पुढे जुन्या आजाराचं कारण देऊन विमा नाकारणं बंद झालं. ही मोठी सुटका होती. पण मालकावरची जबाबदारी अर्धवेळ कामगारांचे तास मिळवून ५० किंवा जास्त पूर्णवेळ कामगार भरतील तरच, आणि पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला सरासरी ३० तास. छोट्या दुकानातल्या किंवा २५ तासांच्या कामावरच्या माणसाला विमा द्यायचा की नाही, हे बहुतेक राज्यांत आजही मालकच ठरवतो.