सुई एक, औषधं दोन

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या मावशीचा खांदा आखडला होता. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी खांद्यात सुई दिली आणि दहा मिनिटांत ती हात उचलून दाखवू लागली. संध्याकाळी ठणका परत. "अगं, सुई वायाच गेली," फोनवर तिचा रडवेला आवाज. त्या सिरिंजमध्ये दोन औषधं होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

लगेच आराम देणारं औषध म्हणजे लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं, दाढ काढताना देतात तेच. मज्जातंतूत सोडियम शिरण्याच्या वाटा ते बंद करतं, मग दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. आपण इंदूरकर म्हणतो तसा भाग 'सुन्न' होतो. सूज मात्र बहुतांशी जागच्या जागी. तास-दोन तासांत असर उतरला की दुखणं पुन्हा जाणवतं. त्याच जातीचं ब्युपिव्हाकेन जास्त तास टिकतं. ऑपरेशननंतरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मज्जातंतूजवळ सुई देऊन तो भाग बधिर करतात त्यात, बहुधा तेच असतं. हात बधिर असताना दुखत नाही म्हणून ओझं उचललं तर इजा झालेलीही कळत नाही.

दुसरं औषध स्टेरॉइड. ते बधिर करत नाही. पेशींमध्ये सूज वाढवणारी रसायनं बनणंच ते कमी करतं. त्याला काही दिवस लागतात, पण आराम कित्येक आठवडे टिकू शकतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, लिग्नोकेनने तसं होत नाही.

दोन्हींत अगदीच भिंत नाही. दुखरे तंतू स्वतःच अशी रसायनं सोडतात की भोवतालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते. ब्लॉकने तंतू गप्प झाले की सुजेचा तेवढा वाटा कमी होतो. उलट बाजूनं सूजही भुलीला अडवते: पू झालेल्या दाढेभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो आणि तिथे औषध नीट चढत नाही. म्हणून दाताचे डॉक्टर बरेचदा जरा लांब, मुख्य तंतूजवळ सुई देतात.

मावशीला मी एवढंच म्हटलं, चार दिवस थांब आणि साखर रोज बघ. पाचव्या दिवशी फोन आला. वेणी स्वतः घातली होती. उपाशीपोटीची साखर मात्र १९० होती, ती मी लगेच तिच्या डॉक्टरांना कळवायला लावली.