काट्यावरचे ते दोन किलो गेले कुठे?

डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात काटा झपकन दोन किलो खाली येतो, आपण हवेत असतो, चार जणांना सांगूनही झालेलं असतं, आणि मग तिसऱ्या आठवड्यात तोच काटा असा हटून बसतो की वाटतं बिघडलाच असणार. मी तर फरशी बदलून बघितली, एका पायावर उभं राहून बघितलं, सकाळी एकदा आणि आंघोळीनंतर परत एकदा बघितलं. काट्याला काही झालेलं नव्हतं. आपण त्याला चरबीचं विचारतो आणि तो अख्ख्या शरीराचं सांगतो, घोळ एवढाच आहे.

त्याचं असं आहे, शरीर थोडी साखर कायम हाताशी ठेवतं, ग्लायकोजेनच्या रूपात, स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास. हे ग्लायकोजेन कोरडं राहत नाही, दर ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून बसतं. म्हणजे अर्धा किलो साखर आणि तिच्यासोबत दीड किलो पाणी. खाणं कमी केलं की शरीर आधी ह्या गल्ल्यात हात घालतं, साखर वापरली जाते, पाणी लघवीवाटे निघून जातं आणि आपण खूश. एखाद्या पार्टीत मनसोक्त जेवलो की गल्ला परत भरतो आणि दुसऱ्या दिवशी काटा बघून रडू येतं. चरबी बिचारी ह्या सगळ्यात जवळपास होती तिथेच!

चरबी फार सावकाश जाते. शरीरातल्या एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तरी आठवड्याला कागदावर अर्धा किलोही होत नाही. आणि हा अर्धा किलो पाण्याच्या रोजच्या चढउतारात सहज बुडून जातो. काल मीठ जास्त खाल्लं, पोट साफ नाही झालं, पाळी जवळ आली, झालं.

बरं, गेलेली चरबी जाते कुठे? बरेच जण म्हणतात घामातून. २०१४ मध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ह्याचा हिशोबच मांडला: १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे आपण बारीक होतो ते मुख्यतः नाकातोंडातून. (म्हणून जोरजोरात श्वास घेत बसू नका, चक्कर येईल फक्त. पेशींनी चरबी जाळली तरच तो वायू तयार होतो.) पोटाला पट्टा बांधून घाम काढणाऱ्यांचं पाणी जातं, जे पुढच्या दोन ग्लासात परत येतं.

आता खाण्याचं. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर एका केंद्रात ठेवलं, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं, ताज्या पदार्थांचं. समोर मांडलेल्या ताटात कॅलरी, साखर, फॅट, फायबर सगळं सारखं, खायचं तेवढं खा. पाकीटवाल्या खाण्यावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि जेवलेही भराभर. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण इच्छाशक्ती नाही म्हणून स्वतःला कोसणाऱ्या माणसाला तो जरा सोडवतो. मऊ, पटकन गिळता येणारं खाणं पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आतच संपलेलं असतं.

व्यायामाबद्दल मात्र थोडं कडू बोलायला लागेल. अर्धा तास भरभर चालून साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, तीन-चार क्रीम बिस्किटांत त्या परत येतात. नुसत्या व्यायामावर काटा हलवायला जाल तर वैतागाल. पण स्नायू आकुंचन पावला की तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो, हे पहिल्या दिवसापासून होतं आणि कुठल्याच काट्यावर दिसत नाही. खाणं कमी करताना वजनं उचलली, प्रोटीन नीट घेतलं तर स्नायूही टिकून राहतात, नाहीतर चरबीबरोबर तेही झिजतात.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबल डेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर ताडून बघितले. नोकरी एकाच बसवर, पण एक दिवसभर बसलेला, दुसरा जिना चढउतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी निघाला. पुढे त्यांच्या टीमने ह्या लोकांच्या युनिफॉर्मच्या पँटींची मापंही काढली, ड्रायव्हरांची कंबर मोठी भरली. कुणाला काट्यावर उभं करायची गरजच पडली नाही, शिंप्याकडची वही पुरली!

मीही आता महिन्यातून एकदा टेपच लावतो, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून. काट्यावर अधूनमधून चढतो अजून, सवय जात नाही. परवा बऱ्याच दिवसांनी स्क्वॉट्स मारले, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडत होत्या आणि काट्यावर आठशे ग्रॅम जास्त. दुखावलेला स्नायू सुजतो, पाणी धरतो. चार दिवसांनी उतरलं.