खुंटी (तंबोरा व सतार)

तंतुवाद्याची तार गुंडाळून ताणण्यासाठी दांडीत बसवलेली फिरती लाकडी मेख म्हणजे खुंटी. चार तारांच्या तंबोऱ्याला चार खुंट्या असतात: दोन दांडीच्या दर्शनी बाजूला आणि दोन कडांना एकेक. सतारीला मुख्य तारांच्या सहा-सात आणि तरफांच्या (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांच्या) अकरा ते तेरा धरून वीसच्या आसपास खुंट्या भरतात. चांगल्या वाद्याच्या खुंट्या बहुधा शिसवाच्या असतात, कारण हे लाकूड कठीण, घट्ट वीणीचे असते आणि रोजच्या पिळण्याने त्याच्या कडा लवकर झिजत नाहीत.

खुंटीला आटे नसतात, दाते नसतात. ताणलेली तार तिला सतत उलटी फिरवू पाहते आणि लाकडाची लाकडाशी होणारी घासण तेवढी तिला रोखून धरते. खुंटी निमुळती असते आणि पोकळ दांडीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींतील भोकांत टेकते. जवळचे भोक मोठे, पलीकडचे लहान. दोन्हीकडे ती सारखी बसली तरच पकड मिळते. एकाच भिंतीवर भार आला, तर ती आत कितीही दाबली तरी डुगडुगते. वादकांच्या बोलण्यात खुंटी ‘पिळली’ जाते, ते नुसत्या फिरवण्याहून अचूक आहे. फिरवताना ती आतही दाबावी लागते, आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने दांडीला पलीकडून आधार द्यावा लागतो. हा आधार न दिल्यामुळे दांडीवर येणारा ताण नवशिक्यांच्या लक्षातच येत नाही.

खुंटीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ हवेत असते. ओलाव्याने लाकूड फुगते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही: तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाहीच, आडवे मात्र बरेच. त्यामुळे दांडीतले गोल भोक ऋतुमानानुसार किंचित लंबगोल होते, खुंटीचाही गोलपणा बिघडतो, आणि दोघांचे जमेनासे होते. पावसाळ्यात खुंटी अडकते, तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत किंवा वातानुकूलित सभागृहात तीच सटकते. एका मोसमात नीट चालणारी खुंटी दुसऱ्या मोसमात कुरकुरली, म्हणून लगेच कानस हाती घेऊ नये.

तार उतरली म्हणजे खुंटी सरकली, असेही नसते. नवी तार काही दिवस ताणतच राहते. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने पोलादी तार प्रसरण पावून उतरते. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा: तार जुळवून झाली की खुंटीवर आणि तिच्या शेजारी दांडीवर जुळणारी एक बारीक पेन्सिलरेघ ओढावी. तासाभराने तार उतरली, पण रेघ जागच्या जागी असली, तर खुंटीचा दोष नाही. वळसे सैल पडले आहेत का, तारेचे टोक भोकातून निसटत आहे का, ते पाहावे. वळसे एकमेकांवर न चढवता खुंटीच्या डोक्याकडच्या भिंतीच्या दिशेने ओळीने सरकत नेले, तर तार स्वतःच खुंटीला आत ओढून धरते. घाईत गुंडाळलेल्या तारा हे खुंटी सटकण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

खुंटी खरोखरच सरकत असेल, तर ती काढून पाहावी. तिच्यावर दोन गुळगुळीत, चकाकणारी कडी दिसतात. भिंती घासतात त्या या जागा. तिथे कोरडा खडू लावून खुंटी परत बसवून फिरवावी. खडूने पकड वाढते, शिवाय बाहेर काढल्यावर तो कुठे पुसला गेला आहे यावरून खुंटी कुठे टेकते तेही कळते. उलट खुंटी चिकटत आणि झटक्याने फिरत असेल, तर शिसपेन्सिल किंवा साबणाची सुकी वडी हलकेच फिरवावी. तेल कधीही लावू नये. ते लाकडात मुरते आणि मग खडूही धरत नाही. राळेने पकड इतकी वाढते की बारीक फरक करताच येत नाही. फुगून अडकलेली खुंटी पक्कडीने पिळली, तर तिचे डोके मोडून हातात येते. आधी तार सैल करून, पलीकडे टोक दिसत असेल तर त्यावर लाकडी ठोकळीने हळूच ठोकावे.

एका वेळी एकच खुंटी काढावी. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) तारांच्या दाबानेच उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या तर ती हलते.

वर्षानुवर्षांच्या झिजेने भोक मोठे होते आणि खुंटी आत-आत जाते. कागदाची पट्टी घालून मैफल निभावते, वाद्य दुरुस्त होत नाही. त्यावर उपाय म्हणजे भोकात लाकडी गुडदी (बूच) बसवून नव्याने निमुळते भोक पाडणे किंवा जाड खुंटी घडवणे. हे काम जाणकार कारागिराचे. महाराष्ट्रात ते मिरजेत परंपरेने चालते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबातील फरीदसाहेब यांनी तिथे वाद्यकामाला सुरुवात केली असे सांगतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

बारीक जुळवणीसाठी खुंटी पुरत नाही. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि उरलेला केसाएवढा फरक घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी सरकवून काढायचा. मणी त्याच्या मार्गाच्या एका टोकाला जाऊन अडला, तर तो पुन्हा मध्यावर आणून खुंटी नव्याने पिळावी.