डीएनए सरकतो आणि डीएनए वळतो, ही दोन वेगळी कामं आहेत

डीएनएचे तुकडे वेगळे करायला ते जेलमध्ये ठेवून वीज सोडतात; तिथे डीएनए धन इलेक्ट्रोडकडे का सरकतो, हे सगळ्यांना पाठ असतं. फॉस्फेटवर ऋण भार, विषय संपला. घोळ होतो तो हेच उत्तर इलेक्ट्रिक डायक्रोइझमला चिकटवल्यावर, म्हणजे द्रावणातले रेणू विद्युत क्षेत्राने एका दिशेत वळवून क्षेत्राला समांतर आणि लंब प्रकाश किती वेगवेगळा शोषला जातो ते मोजण्याला. ‘ऋण भारामुळे डीएनए क्षेत्राला समांतर होतो’ हे वाक्य टिपणांमधून नकळत पुढे जात राहतं, आणि ते चुकीचं आहे.

सगळीकडे सारखा पसरलेला भार रेणूला ओढून नेईल, पण वळवणार नाही. वळवायला टॉर्क (फिरवणारा जोर) लागतो, आणि त्यासाठी द्विध्रुव हवा, म्हणजे एक टोक धन, दुसरं ऋण. डीएनएत कायमचा द्विध्रुव असतो म्हणावं, तर दोन धागे उलट दिशांनी धावतात. अक्षाच्या दिशेने एकाचं योगदान दुसरा पुसून टाकतो. उरतो तो प्रेरित द्विध्रुव, म्हणजे क्षेत्रामुळेच तयार होणारा. फॉस्फेटांभोवती सोडियमसारख्या धन आयनांचा ढग असतो. क्षेत्र लावलं की हा ढग रेणूच्या लांबीवर ऋण इलेक्ट्रोडच्या बाजूला सरकतो, दोन टोकांच्या भारात फरक पडतो आणि रेणू वळतो.

खात्री करायची तर क्षेत्र उलटवा. सरकणारा डीएनए माघारी फिरेल. छोट्या तुकड्यांचा डायक्रोइझम मात्र जवळपास जागचा हलत नाही, कारण रेणू वळायच्या आत आयनच पलीकडच्या टोकाकडे जातात. कमी क्षेत्रात परिणाम क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वर्ग केला की चिन्ह उरतच नाही. मला विचाराल तर शिकवताना सुरुवात या प्रयोगापासूनच करावी.

 

आता प्रकाश. 260 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण बेसच्या (दोन धाग्यांमधल्या चपट्या पायऱ्यांच्या) प्रतलात होतं आणि बेस अक्षाला जवळपास काटकोनात असतात. म्हणून क्षेत्राला समांतर ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश कमी शोषला जातो, लंब जास्त. सगळे रेणू अगदी समांतर आणि बेस नेमके काटकोनात असते, तर समांतर वजा लंब शोषण भागिले मूळ (क्षेत्र नसतानाचं) शोषण हे उत्तर −1.5 येईल. ‘क्षेत्रात डीएनए जास्त प्रकाश शोषतो’ असं सरसकट लिहिणं मला खटकतं. रेणू नुसते वळले असतील, तर समांतर शोषण अधिक लंब शोषणाची दुप्पट ही बेरीज तेवढीच राहते.

डीएनएला चिकटणारी रंगद्रव्यं कशी बसतात, हेही याच मोजणीत पकडलं जातं. इथिडियम बेसांच्या मध्ये शिरतं, म्हणून त्याचा डायक्रोइझम बेसांसारखाच ऋण. होक्स्ट हे दुसरं रंगद्रव्य डीएनएच्या अरुंद खाचेत तिरपं बसतं, त्याचा धन. जेलमध्ये दोन्ही फक्त चमकतात.