गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मानवी पॅपिलोमा विषाणू

बोलीभाषेत ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच मानवी पॅपिलोमा विषाणू ऊर्फ एचपीव्हीच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात असले, तरी सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार सापडतात. हर्पिस विषाणूवर संशय घेतला जात असण्याच्या काळात जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन यांनी पॅपिलोमाचा माग धरला आणि १९८३-८४ मध्ये हे दोन्ही प्रकार ओळखले. त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संसर्ग शरीरसंबंधातून होतो व बहुतेक स्त्रियांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो टिकून राहिला, तर विषाणूची ई६ व ई७ ही प्रथिने पेशीविभाजनाला लगाम घालणारी पी५३ व आरबी ही प्रथिने निकामी करतात. तरीही कर्करोग होईपर्यंत साधारणतः १० ते २० वर्षे जातात. या काळात स्त्रीला काहीच त्रास नसतो, आणि ‘अंगावरून जाते’ म्हणून ती दवाखाना गाठते तेव्हा रोग पुष्कळदा पसरलेला असतो.

ही मधली वर्षे तपासणीसाठी किती मोलाची आहेत, हे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासाने दाखवले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवण्यावर पुढे टीका झाली, आणि ती गैरलागू म्हणता येत नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने आणखी साधी पद्धत वापरली. प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबत. विकृत पेशींचा भाग पांढरा पडे. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्यावर मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते; मात्र आधी झालेला संसर्ग तिने जात नाही आणि कर्करोगकारक प्रकार या चौघांबाहेरही असल्यामुळे लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणी करून घ्यावी लागते.